चार भोकं की एकच? आम्हा दोघी जावांच्या गॉलब्लॅडरचा रिव्ह्यू

आमच्या घरी जावा-जावांची तुलना पुरणपोळीपासून पोरांच्या मार्कांपर्यंत सगळ्यात होते, आता पित्ताशयातही झाली. माझं ऑपरेशन नाशिकला झालं, नेहमीचं चार छिद्रांचं दुर्बिणीचं. धाकट्या जावेचं पुण्याला झालं, सिंगल इन्सिजन, म्हणजे बेंबीतून एकाच छेदातून. दोघींचंही गॉलब्लॅडर गेलं, दोघीही ठणठणीत आहोत, आणि ओळखीत कुणाच्या सोनोग्राफीत खडा दिसला की फोन आम्हालाच येतो की कुठलं करू. प्रत्येकीला व्हॉइस नोट पाठवून कंटाळा आला म्हणून एकदाच काय ते लिहून टाकते.

स्टार आधीच देते. चार छिद्रांचं पाचपैकी साडेचार, सिंगल पाचपैकी साडेतीन. मी डॉक्टर नाही, पतसंस्थेत कामाला आहे, पण कागद दिसला की शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची खोड आहे आणि दोन्ही डॉक्टरांना भंडावून सोडलंय, तेवढ्या भांडवलावर हे लिहितेय.

बऱ्याच जणींना वाटतं की सिंगलमध्ये काहीतरी हलकं, छोटं ऑपरेशन होतं. तसं अजिबात नाही, आत जे होतं ते तेच. पूर्ण भूल देतात, पोटात कार्बन डायऑक्साइड भरून पोट फुगवतात म्हणजे आत काम करायला जागा होते, कॅमेरा घालतात, पित्ताशयाची नळी आणि त्याला रक्त पुरवणारी वाहिनी या दोघींना क्लिपा लावून कापतात आणि लिव्हरला चिकटलेली पिशवी सोडवून बाहेर काढतात. नुसते खडे काढत नाहीत, अख्खी पिशवीच काढतात. सासूबाईंनी आमच्या डॉक्टरांना विचारलंच होतं की अहो खडे काढा आणि पिशवी राहू द्या, देवाने काहीतरी विचार करूनच दिली असेल ना. ते हसून म्हणाले, आजी, खडे बनवणारा कारखाना तोच आहे, तो चालू ठेवला तर परत माल येणार. पित्त लिव्हर तयार करतं, ही पिशवी फक्त साठवून घट्ट करते, त्यामुळे ती नसली तरी पित्त थेट आतड्यात जात राहतं आणि माणसाचं काही अडत नाही.

मग फरक कशात, तर आत शिरायच्या वाटेत. चारवाल्यात बेंबीपाशी एक साधारण १० मिलीमीटरचं छिद्र, छातीच्या हाडाखाली वरच्या पोटात एक, तेही बहुतेक तेवढंच, आणि उजव्या बरगडीखाली ५-५ मिलीमीटरची दोन. सिंगलमध्ये बेंबीतच दीड-दोन, कधी अडीच सेंटीमीटरचा एकच छेद घेतात, त्यात मऊ बुचासारखा एक पोर्ट बसवतात त्याला तीन-चार तोंडं असतात, कॅमेरा आणि सगळी हत्यारं तिथूनच आत जातात.

आता हे ऐकायला भारी वाटतं पण सर्जनच्या बाजूने बघा. नेहमीच्या पद्धतीत कॅमेरा मधे आणि दोन हातांची हत्यारं दोन वेगवेगळ्या बाजूंनी येऊन कोनात भेटतात, त्यामुळे एकाने ओढून धरता येतं आणि दुसऱ्याने सोडवता येतं. सिंगलमध्ये सगळंच एका भोकातून समांतर जातं. अरुंद तोंडाच्या बरणीत दोन लांब चमचे घालून तळातली लोणच्याची फोड दोघांच्या मधे पकडायचा प्रयत्न करा म्हणजे कळेल, आत चमचे एकमेकांना आपटतात आणि बाहेर तुमचे हात. म्हणून मग वाकडी हत्यारं लागतात, किंवा पोटाच्या बाहेरून सुईदोरा आत घालून पित्ताशय वर टांगून ठेवतात, त्यामुळे वेळ जास्त लागतो आणि सरावही जास्त लागतो. जावेचे सर्जन स्वतःच म्हणाले की पहिल्या केसेसमध्ये घाम फुटायचा. मला हा माणूस तिथेच आवडला.

या ऑपरेशनमधली खरी भीती भोकांची नसतेच, मुख्य पित्तनलिकेची असते. पित्ताशयाची छोटी नळी जिथे लिव्हरकडून येणाऱ्या मोठ्या नळीला मिळते तिथे एक त्रिकोण आहे, त्याला कॅलॉटचा त्रिकोण म्हणतात, फ्रान्सच्या कॅलॉट नावाच्या सर्जनवरून. सूज असली की तिथे सगळं एकमेकाला चिकटलेलं असतं आणि छोटी समजून मोठी नळी कापली गेली तर पुढे मोठमोठी ऑपरेशनं, काविळी, महिनोन्महिने हॉस्पिटल. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये हे साधारण हजारात तीन ते पाच जणांना होतं असं सांगतात, म्हणजे कमीच, पण ज्याला होतं त्याचं आयुष्य बदलतं. यासाठी अमेरिकेतल्या स्ट्रासबर्ग नावाच्या सर्जनने १९९५ मध्ये एक शिस्त मांडली, तिला क्रिटिकल व्ह्यू ऑफ सेफ्टी म्हणतात. त्रिकोणातली चरबी आणि चिकटलेलं सगळं साफ करायचं, पित्ताशयाचा खालचा भाग लिव्हरपासून सोडवायचा, आणि पित्ताशयात फक्त दोनच गोष्टी जाताना स्पष्ट दिसल्या तरच क्लिप लावायची. दिसल्या नाहीत तर थांबायचं. हा नजारा एका भोकातून मिळवणं अवघड आहे, अशक्य नाही. आमचे नाशिकचे डॉक्टर म्हणाले, मॅडम, भोकं किती ते महत्त्वाचं नाही, मला आत नीट दिसतंय की नाही ते महत्त्वाचं. माझा एक स्टार त्या वाक्याला.

पुण्याच्या हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. लिफ्टच्या बाहेर मोठा स्टँडी होता, 'लेटेस्ट स्कारलेस सर्जरी', त्यावर सपाट पोटाची मॉडेल, जिला आयुष्यात खडा झाला नसावा. आता लेटेस्टचं काय ते सांगते. बेंबीच्या एका छेदातून पित्ताशय काढल्याचं इटलीच्या नवारा आणि त्यांच्या टीमने १९९७ मध्ये छापलंय, म्हणजे तेव्हा जन्मलेली पोरं आज स्वतः डॉक्टर झाली असतील. आणि पहिलं दुर्बिणीचं त्याच्याही आधी बारा वर्षं, १९८५ मध्ये, जर्मनीत एरिक म्यूहे नावाच्या सर्जनने केलं, त्यांच्याच लोकांनी तेव्हा त्यांना वेड्यात काढलं होतं. आपल्याकडे १९९० मध्ये मुंबईच्या जेजे हॉस्पिटलमध्ये डॉ. तेहमटन उदवाडियांनी सुरुवात केली, सरकारी हॉस्पिटलमध्ये, गरीब पेशंटवर, कारण त्यांचं म्हणणं होतं की हातावर पोट असलेल्या माणसालाच लवकर कामावर जाणं जास्त गरजेचं असतं. त्याआधी बरगडीखाली वीतभर चिरायचे. माझ्या मावशीच्या पोटावर तो व्रण आहे, आणि आमची भोकं पाहून ती म्हणाली, एवढंच? म्हणजे खरी मोठी उडी कुठली होती, तर चिरण्यावरून चार भोकांवर आलो ती. चारवरून एकावर येणं ही त्यामानाने छोटी पायरी आहे, पण पॅकेज मात्र तिचंच महाग विकतात.

जावेच्या अनुभवातला राग याच गोष्टीचा आहे. ओपीडीत पहिली भेट झाली काउन्सेलरशी, हातात टॅब, तीन पॅकेजेस, सिल्व्हर गोल्ड प्लॅटिनम, सिंगल इन्सिजन प्लॅटिनममध्ये. जाऊ बिचारी विचारतेय की माझ्या रिपोर्टमध्ये पित्ताशयाची भिंत जाड आहे का, त्याने काही फरक पडतो का, तर तिकडून उत्तर, मॅम प्लॅटिनममध्ये अटेंडंटचं जेवण इन्क्लुडेड आहे. सर्जन कोण हे ॲडमिट व्हायच्या आदल्या दिवशी कळलं. नशीब की माणूस सरळ निघाला. त्याने स्वतः बसून कन्सेंट फॉर्म समजावला, त्यात लिहिलेलंच असतं की गरज पडली तर जादा छिद्रं घेऊ आणि अगदीच गरज पडली तर ओपन करू, म्हणजे पोट चिरून. जाऊ म्हणाली, मग मी सिंगलचे पैसे दिलेत त्याचं काय? ते म्हणाले, ताई, मी आत अडकलो तर एक जादा भोक पाडेन आणि तुम्ही मला नंतर आशीर्वाद द्याल. शेवटी एकातच झालं तिचं. त्यामुळे सर्जनला पाच, काउन्सेलरला एक, आणि स्टँडीला शून्य.

आता दुखण्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त प्रश्न तोच असतो. भोकं चारची एक झाली म्हणजे दुखणं पाव होतं असं काही गणित नाहीये. दोघींनाही पहिल्या रात्री जे छळलं ते टाके नव्हेत, उजवा खांदा. पोटात भरलेल्या गॅसने छाती आणि पोटाच्या मधला पडदा ताणला जातो आणि त्याची नस मानेतून येते म्हणून दुखतं खांद्यात, कुणी आधी सांगितलं नसेल तर माणूस हार्ट अटॅक समजून घाबरतो. उठून चालत राहिलं की बरं वाटतं, एक-दोन दिवसांत जातं. ते दोन्ही पद्धतीत सारखंच कारण गॅस दोन्हीत भरतात. बाकी मला वरचं, छातीखालचं भोक जास्त दुखलं, पिशवी तिथूनच काढली होती. बाजूची दोन छोटी आहेत हेच आठवेना. जावेचं दुखणं सगळं बेंबीत गोळा झालेलं, खोकला आला की उशी पोटाशी धरायची, वाकून चप्पल घालणं नको वाटायचं. दुखण्याबाबत अभ्यासांचीही उत्तरं एकसारखी नाहीत, कुठे सिंगल किंचित बरं, कुठे काहीच फरक नाही. युरोपात ६०० पेशंटवर एक मोठी तुलना झाली, ती २०१७ मध्ये आली, त्यात पहिल्या दोन महिन्यांतल्या गुंतागुंती दोन्हीकडे साधारण सारख्याच निघाल्या, वेळ सिंगलला जास्त लागला आणि व्रणावर पेशंट सिंगलचे जास्त खूश.

व्रणाचं खरंच मान्य. जावेच्या पोटावर आज शोधून काही सापडत नाही, छेद बेंबीच्या घडीत लपलाय. ती वीसच्या घरात असती, डान्सर असती, किंवा तिला मनापासून व्रण नको असते तर मी म्हणते बिनधास्त घ्यावं, याला नाक मुरडणाऱ्या लोकांचा मला राग येतो, आपलं शरीर आहे. पण माझी चार कुठे आहेत तेही बघा. बरगडीखालची दोन वर्षभरात इतकी फिकट झाली की मलाच उजेडात शोधावी लागतात, आणि तसंही पदर डाव्या खांद्यावर जातो त्यामुळे साडीत दिसते ती कंबर डावी, भोकं उजवीकडे. वरचं एक तेवढं दिसतं, तेही ब्लाउज नेहमीपेक्षा आखूड असेल तरच.

माझ्या मनात सिंगलचा स्टार ज्याने खाली आला ती गोष्ट म्हणजे हर्निया. बेंबीत आधीच पोटाच्या भिंतीचा नाजूक भाग, तिथे आतल्या जाड पडद्याला दोन सेंटीमीटरचं भोक पाडलं की ते बंद करायला टाके नीट खोल घ्यावे लागतात आणि तरी ते उसवायची शक्यता १० मिलीमीटरच्या भोकापेक्षा जास्त. अमेरिकेत २०० पेशंटवर चिठ्ठ्या टाकून केलेला एक अभ्यास २०१३ मध्ये छापून आलाय, वर्षभर पाहिल्यावर हर्निया सिंगलवाल्यांत ८.४ टक्के आणि चारवाल्यांत १.२ टक्के. हाच आकडा मी जावेच्या सर्जनला फोनवर विचारला, ते म्हणाले टाके घालण्याच्या पद्धतीवर बरंच अवलंबून आहे पण धोका जास्त आहे हे खरं, म्हणून तर वजन उचलू नका म्हणतो. आणि इथे आमच्या घरची पंचाईत. तिचं पोरगं तीन वर्षांचं, सारखं कडेवर. पाण्याचा हंडा आता कोण उचलत नाही पण पोरगं आणि वीस लिटरचा जार उचलतातच की. दीर महिना-दीड महिना घरी स्वयंपाकघरात होता, त्याचे फोटो माझ्याकडे आहेत. बद्धकोष्ठ, जुना खोकला, जास्त वजन यांपैकी काही असेल तर हर्नियाचा विचार दुप्पट करा. जावेला अजून तरी काही नाही.

बिलाची तुलना सरळ करता येत नाही कारण नाशिक-पुणे, ट्विन शेअरिंग आणि सिंगल रूम, सगळंच वेगळं. पण दोन बिलं शेजारी ठेवली तेव्हा एक ओळ फक्त तिच्यात होती, तो बुचासारखा पोर्ट. तो एकदाच वापरायचा असतो आणि त्याची किंमत पाहून मी चष्मा पुसला. माझ्या डॉक्टरांनी गंमत सांगितली, आपल्याकडे बरेच सर्जन तो विकत न घेता सर्जरीचा साधा हातमोजा आणि एक रिंग वापरून पोर्ट बनवतात, मोज्याच्या बोटांतून हत्यारं आत. आणि सुटलेलं पित्ताशय बाहेर काढायलाही मोज्याचा तुकडा पिशवीसारखा वापरतात, म्हणजे खडे पोटात सांडत नाहीत. जुगाड म्हणा, पण सगळं निर्जंतुक असतं आणि चालतं. मेडिक्लेमवाल्यांसाठी दोन गोष्टी. बऱ्याच पॉलिसीत पित्ताशयाच्या खड्यांना पहिली दोन वर्षं कव्हर नसतं, त्यामुळे पॉलिसीची तारीख आधी बघा, ऑपरेशनची नंतर. आणि टीपीएला, म्हणजे मेडिक्लेमची कागदपत्रं बघणाऱ्या कंपनीला, आधीच विचारा की सिंगलचा जादा खर्च देणार का, आमच्या केसमध्ये त्यांनी नेहमीच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनचाच दर धरला, वरचे आमच्या खिशातून.

मला सिंगल कुणी विचारलंच नाही, कारण मी गेले तेव्हा ताप, उलट्या, उजव्या कुशीत पाठीपर्यंत कळ, पित्ताशयाला चांगलीच सूज होती. सूज असेल, आधी वरच्या पोटाचं ऑपरेशन झालेलं असेल, वजन खूप असेल तर शहाणा सर्जन स्वतःच चार भोकांकडे वळतो. मोठ्या नळीत खडा सरकला असेल तर तो प्रश्न वेगळाच, तिथे आधी तोंडातून दुर्बीण घालून तो खडा काढतात, त्याला ईआरसीपी म्हणतात, तेव्हा किती भोकं हा विषयच मागे पडतो. लिव्हरच्या रक्ततपासणीत बिलिरुबिन वाढलेलं असेल किंवा डोळे पिवळे दिसत असतील तर एमआरसीपीचं, म्हणजे पित्ताच्या नळ्यांच्या एमआरआयचं, विचारून घ्या.

मधले पर्यायही आहेत. तीन भोकांत करणारे आहेत, ३ मिलीमीटरच्या बारीक हत्यारांनी करणारे आहेत, मला तर हा बारीकवाला प्रकार सिंगलपेक्षा जास्त पटतो कारण कोन तोच राहतो आणि व्रणही नावापुरते. रोबोटने एका छेदातूनही करतात, अमेरिकेत त्याला २०११ मध्येच परवानगी मिळाली. साध्या खड्यांसाठी रोबोट म्हणजे माझ्या मते गल्लीतल्या दुकानात विमानाने जाणं, पण ज्याचा मेडिक्लेम कंपनी भरते त्याला कोण काय बोलणार.

घरी आल्यावरचं दोघींचं सेमच होतं म्हणून पटकन सांगते. पहिले काही दिवस मुगाची खिचडी, ताक, वरणभात. तळलेलं आणि तुपातलं एकदम खाल्लं तर पोट बिघडतं, मला काही आठवडे पातळ होत होतं, पित्त सरळ आतड्यात जात असतं म्हणून होतं आणि बहुतेकांचं आपोआप थांबतं. सासूबाईंनी शिऱ्यात तूप घालायचा मोह आवरला यासाठी त्यांना वेगळे पाच स्टार. एक फरक मात्र बेंबीच्या काळजीचा. जावेची जखम मोठी आणि खोलगट जागेत, तिथे घाम-पाणी साठतं, त्यामुळे आंघोळीनंतर कोरडी करणं, उन्हाळ्यात जास्तच जपणं. लालसर झालं, पाणी आलं की लगेच दाखवायचं. आणि दोन्हीकडे एक गोष्ट कुणी विसरू नका, काढलेलं पित्ताशय बायोप्सीला पाठवतात त्याचा रिपोर्ट. माझा तो आणायला मी स्वतः सुट्टी काढून गेले, तेही काउंटरवरच्या मुलीने आधी आठवण करून दिली होती म्हणून, आणि माझा अर्धा स्टार इथेच कापला गेला, कारण हॉस्पिटलने फोन करायला पाहिजे होता. रिपोर्ट साधा होता.

कुणी आता ठरवत असेल तर सर्जनला समोर बसून विचारा की तुम्ही नेहमी कुठलं करता, सिंगल आत्तापर्यंत किती केलीत, अडलं तर जादा भोक घ्याल ना, आणि बेंबीचा टाका कसा घेता. ज्याला हे प्रश्न आवडत नाहीत त्याच्याकडे एका भोकातून तरी नको. उत्तर 'मी चार भोकांचंच करतो' असं आलं तर त्याला कमी लेखू नका, रोज एकच काम करणारा हात बरा.

परवा सासूबाईंची रूटीन सोनोग्राफी झाली, बहात्तरी पार केलीय त्यांनी, त्यात दोन छोटे खडे निघाले. आम्ही दोघी लगेच फायली घेऊन तयार, मी नाशिक म्हणतेय, ती पुणे. डॉक्टरांनी विचारलं, आजी, कधी दुखतं का, जेवल्यावर कळ येते का, ताप, कावीळ? काही नाही म्हणाल्या. मग ते म्हणाले, त्रास देत नसतील तर खडे आहेत तिथे राहू द्या, सगळ्याच खड्यांचं ऑपरेशन करायचं नसतं, दुखायला लागलं तर या. सासूबाई थोड्या हिरमुसल्या, दीराला म्हणाल्या, म्हणजे मला तू खिचडी करून घालणार नाहीस तर.